ज्ञानगंगा घरोघरी, हप्ता दरमहा

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी एकोणतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर कागदांपासून सुटका होईल असं वाटलं होतं, पण नाशिकच्या सिडकोत राहून ते जमत नाही. गल्लीत कुणाला नोटीस आली, कुणाचा विम्याचा दावा अडला, की संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन माणूस दारात उभा. "काकू, जरा बघता का?" २०२२ च्या मार्चमध्ये असेच एक गृहस्थ आले. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर. पिशवीतून त्यांनी आधी टॅब काढला, मग पासबुक. पासबुकात दर महिन्याच्या पाच तारखेला चार हजारांचा हप्ता न वटता परत गेलेला, आणि त्याखाली बँकेचा दंड, पाचशे नव्वद. एका महिन्यात तर दंड दोनदा लागला होता, कारण समोरच्याने खात्यात दोनदा हात घालून बघितला होता.

"हे कसले चार हजार?"

"पोरीच्या ॲपची फी."

"ही फी नाही हो. कर्ज आहे हे."

ते बराच वेळ पासबुकाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मी तर शाळेसारखं रजिस्ट्रेशन असेल म्हणून ओटीपी दिला, काकू."

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या दोन वर्षांत तशा पुष्कळ होत्या. त्यांच्या घरी जे झालं ते मात्र सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. २०२१ चा पावसाळा. शाळा बंद. मुलगी सातवीत, सेमी इंग्लिशला. मोबाइलवर कुठल्याशा मोफत चाचणीसाठी तिने वडिलांचा नंबर भरला, आणि तीन दिवसांनी टाय लावलेला एक मुलगा घरी आला. स्वतःला काऊन्सेलर म्हणवत होता. दिवाणावर बसून त्याने चहा घेतला आणि मुलीला चार प्रश्न घातले. तीन आले. चौथा, तिने मला नंतर सांगितलं त्यावरून, नववीच्या पुस्तकातला असावा. तो नाही आला. "बेसिक कच्चं राहिलंय," तो म्हणाला. किंमत आधी शहाण्णव हजार होती. मग मॅनेजरला फोन झाला, मग अठ्ठेचाळीस, पण आजच्या आज. आधार, पॅन, चेहऱ्याचा फोटो, दोन ओटीपी. वीस मिनिटांत काम झालं. आमच्या बँकेत म्हशीच्या कर्जाला सहा आठवडे लागायचे आणि आम्ही म्हैस बघायला जायचो.

टॅब पाच दिवसांत आला. ॲप वाईट नव्हतं, हे आधी सांगते. हृदयाचे कप्पे कसे उघडतात-मिटतात हे त्या मुलीने तीन-तीनदा पाहिलं होतं आणि माझ्यासमोर हातवारे करून समजावलंही. मीही शाळेत जीवशास्त्र शिकले, पण झडपा नेमकं काय करतात हे मला त्या दिवशी कळलं. अडचण वेगळीच होती. सगळं इंग्रजीत, तेही भराभर बोललेल्या. धड्यांचा क्रम बालभारतीच्या पुस्तकाशी जुळेना. सेमी नावाचा प्रकार असतो, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून, हे बंगळूरमध्ये बसून ॲप बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक. दीड महिन्यात टॅब कपाटावर गेला. पैसे परत मागायची मुदत पंधरा दिवसांची होती.

करारपत्र मी दोनदा वाचलं. अकरा पानं. शिक्षण हा शब्द त्यात एकदाच आला होता, 'कर्जाचा हेतू' या रकान्यात. कर्ज देणारी एक वित्त कंपनी, घेणारे हे गृहस्थ. ज्यांनी टॅब विकला ते त्या करारात पक्षकारच नव्हते. अठ्ठेचाळीस हजारांतून आपली कमिशनवजा सूट कापून घेऊन बाकीची रक्कम वित्त कंपनीने ॲपवाल्यांच्या खात्यात पहिल्याच आठवड्यात जमा केली होती. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतात त्याची गंमत हीच, की व्याज किमतीत आधीच विरघळवलेलं असतं. त्यानंतर मुलगी शिकली काय, न शिकली काय, ॲपवाल्यांचे पैसे त्यांच्याकडे पोचले होते. वित्त कंपनीला मुलीशी देणंघेणं नव्हतं. आणि बापाला वाटत होतं आपण फी भरतोय.

शिक्षण-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांवर आपल्याकडे चर्चा झाली ती मुलांचे डोळे, शिक्षकाची जागा यंत्र घेईल का, ॲनिमेशनने आकलन होतं का, अशा वळणाने. विषय महत्त्वाचे आहेत, नाही असं नाही. पण माझं मत असं, की या धंद्याचं मूळ दुखणं शिक्षणाचं नव्हतंच. ते सावकारीचं होतं. ज्या दिवशी आपण त्याकडे शिक्षणखात्याच्या नजरेने बघायचं थांबवून कर्ज विभागाच्या नजरेने बघू, त्या दिवशी काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं हे लख्ख दिसेल.

शालेय धड्यांचं ॲप विकणाऱ्या बायजूजची गोष्ट आता सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून धावती आठवण. २०११ ची कंपनी, २०१५ मध्ये ॲप, २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर नाव, २०२२ मध्ये कतारच्या फुटबॉल विश्वचषकाचं प्रायोजकत्व आणि मेस्सी. त्याच वर्षी किंमत लावली गेली २२ अब्ज डॉलर. आणि जुलै २०२४ मध्ये, क्रिकेट मंडळाचे १५८ कोटी थकले म्हणून दिवाळखोरीची प्रक्रिया. लोकांना यातला मेस्सी लक्षात राहतो. मला लक्षात राहिला तो २०२०-२१ चा ताळेबंद, जो तब्बल दीड वर्ष उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेर आला. उत्पन्न साधारण २,२८० कोटी, तोटा ४,५८८ कोटी. म्हणजे एक रुपया मिळवायला तीन रुपये खर्च, आणि त्यातला मोठा वाटा जाहिरातींचा आणि पगारांचा. उत्पन्न इतकं कमी का दिसतंय, याला कंपनीने दिलेलं कारण हिशेबाच्या पद्धतीचं होतं. कित्येक वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पैसे एकाच वर्षाचं उत्पन्न म्हणून धरता येईनात, ते पुढच्या वर्षांत ढकलावे लागले, आणि उधारीवर विकलेल्याचे तर वसूल झाल्यावरच धरायचे असं ठरलं.

हे वाक्य कर्ज विभागातल्या माणसाने वाचलं की त्याला सगळं यंत्र उघडं दिसतं. गुंतवणूकदाराला दरवर्षी दुप्पट वाढ हवी. मुलं काही दरवर्षी दुप्पट होत नाहीत. मग एका मुलाकडून तीन वर्षांचे पैसे आज घ्यायचे. तीन वर्षांचे पैसे रोख देणारं घर कॉलेज रोडच्या सधन वस्तीत सापडेल, आमच्या पवननगरला नाही. पवननगरला विकायचं तर कर्ज हवं. कर्ज हवं तर सही त्याच बैठकीत हवी, कारण रात्री झोपून उठलं की माणूस शेजारच्याला विचारतो. आणि त्याच बैठकीत सही हवी असेल तर भीती हवी. चौथा प्रश्न नववीच्या पुस्तकातला असतो तो यासाठी.

माझा भाचा अशाच एका कंपनीत होता. मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी मिळेना, बंगळूरला 'बिझनेस डेव्हलपमेंट' म्हणून लागला. पगार इथल्या कुठल्याही वर्कशॉपपेक्षा दुप्पट. रोज ठरावीक तास फोनवर बोलणं झालंच पाहिजे, नाहीतर त्या दिवसाची हजेरी धरत नसत. तो सांगायचा, "मावशी, आई फोनवर असली तर लवकर होतं. बाप हिशेब विचारतो." आठ महिन्यांनी त्याला काढलं. त्याला मी दोष देत नाही. सकाळी नऊ वाजता भिंतीवर आकडा लावला की माणूस तो आकडाच बघतो. पण 'काऊन्सेलर' या शब्दाचं त्यांनी जे करून टाकलं त्याचा राग मात्र आहे, आणि तो राग नाशिकच्या माणसाला जरा जास्तच यायला हवा.

कारण घरी बसून शिकणं हा प्रकार नाशिकला कुणी बंगळूरहून येऊन शिकवायची गरज नव्हती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून गंगापूर धरणाच्या वाटेवर उभं आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. माझी थोरली बहीण दहावीनंतर लग्न होऊन निफाडकडे गेली, दोन मुलं झाली, आणि मग तिने तिथला पूर्वतयारी शिक्षणक्रम केला, पुढे बी.ए. झाली. बारावी नसली तरी दार उघडं ठेवणारी ती सोय होती. पुस्तकं घरी, अभ्यास चुलीपाशी, पण दर रविवारी तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र. तिथे जो शिकवायचा त्याला विद्यापीठाचा शब्द आहे समंत्रक. इंग्रजीत तोच, काऊन्सेलर. तिचे समंत्रक एका हायस्कुलातले इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी तिला काहीही विकलं नाही. तिचा पहिला निबंध वाचून "वाक्यं छोटी कर" एवढंच सांगितलं, आणि ती अजून मला फोनवर सांगते की मी वाक्यं छोटी करते.

दूरशिक्षणाचं तंत्र जुनं आहे, साधं आहे, आणि त्यातली महागडी गोष्ट पुस्तक किंवा पडदा कधीच नव्हती. महाग असतो तो रविवार. कुणीतरी माणूस, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, तुझं काय अडलं म्हणून विचारायला बसलेला. कंपन्यांनी नेमकं ते वगळून बाकी सगळं विकलं, आणि वगळलेल्याची जागा वसुलीच्या फोनने भरली.

तंत्रज्ञानाचा मला तिटकारा आहे असं कुणी समजू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली, पुढे राज्याच्या पुस्तकांवर ते आले, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हेही शिक्षण-तंत्रज्ञानच. टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, बालभारतीच्या पुस्तकांना धरून, मराठीत, फुकट, आणि तिला स्मार्टफोन लागत नव्हता. आमच्या गल्लीत साडेसातला ज्यांच्याकडे टीव्ही चालू त्यांच्या दारात चार पोरं असायची. फक्त त्या कार्यक्रमाची जाहिरात कुणी क्रिकेटच्या मध्ये करत नव्हतं.

खासगीतही सगळं एका मापाने मोजायला नको. अलख पांडे यांनी यूट्यूबवर भौतिकशास्त्र शिकवायला सुरुवात केली, त्यातून २०२० मध्ये फिजिक्सवाला ही कंपनी झाली आणि काही हजारांत वर्षभराची बॅच मिळू लागली. कॉलेज रोडच्या क्लासची फी ज्यांच्या आवाक्याबाहेर होती अशी कितीतरी मुलं त्यावर 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसली. मी त्याला उपकार म्हणणार नाही, धंदा आहे, पण ग्राहकाला परवडेल त्या किमतीत विकणं आणि किंमत आधी फुगवून कर्जाने विकणं यांत फरक असतो आणि तो करायला हवा. मजा म्हणजे ही कंपनीसुद्धा पुढे गावोगाव वर्ग उघडू लागली. बायजूजनेही २०२१ मध्ये जवळपास एक अब्ज डॉलर मोजून आकाश ही बाकांवर बसवून शिकवणारी साखळी घेतली होती. पडदा विकता विकता सगळे शेवटी बाकड्यावर आले. नाशिकच्या मुलांच्या दृष्टीने बोलायचं तर ज्ञानगंगा पुन्हा थत्तेनगरातल्या क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर.

त्या वर्गांचं नियमन हा वेगळा गुंता आहे, पण थोडं बोलावं लागेल. अकरावी-बारावीला कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लास, याला आपण 'इंटिग्रेटेड' असं गोंडस नाव दिलंय. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सांगितली. खासगी शिकवण्यांच्या कायद्याचा मसुदाही त्याच सुमारास झाला. मसुदा मसुदाच राहिला. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्यांना कोचिंगला घेऊ नका, मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करा. सूचना चांगल्या आहेत. शालेय शिक्षणमंत्रिपद २०२४ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या दादा भुसे यांच्याकडे आलं, तेव्हा कॉलेज रोडवरून जाता-येता सोळा वर्षांखालच्यांचे किती फोटो फलकांवर लागलेत हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

आता प्रभावाचं बोलू, कारण धंदा एक वेळ दिसतो, प्रभाव दिसत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने बायजूजशी करार केला, विकासात मागे म्हणून निवडलेल्या ११२ 'आकांक्षित' जिल्ह्यांतल्या मुलांना त्यांचं साहित्य मोफत द्यायचं म्हणून. आपल्या नाशिक विभागातला नंदुरबार त्या ११२ मध्ये आहे. आंध्र प्रदेश सरकारने २०२२ मध्ये आठवीच्या मुलांना त्याच कंपनीचे धडे भरलेले टॅब वाटले. गरीब मुलाला चांगलं साहित्य फुकट मिळालं तर वाईट काय, असं कुणीही विचारेल. वाईट हे, की सरकारी शिक्का बसला की अंबडच्या ऑपरेटरला वाटतं सरकारने तपासून घेतलं असणार. चार महिन्यांत, २३ डिसेंबर २०२१ ला, त्याच केंद्राचं शिक्षण मंत्रालय पालकांना सावध करत होतं. आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, मोफतच्या आमिषाला भुलू नका, नीट चौकशी करा. एक हात पाठीवर शाबासकीचा, दुसऱ्या हातात इशाऱ्याचा कागद. त्या कागदात कंपन्यांना नवा हुकूम एकही नव्हता. सगळा उपदेश आईबापांना. आणि तो वाचायचा कुठे, तर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर.

आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी सुरगाणा-पेठच्या मुलांचं काय, हा प्रश्न मी मुद्दाम सगळ्यांना विचारते. तिथल्या पाड्यावर एकही काऊन्सेलर चहाला गेला नाही. तिथे कर्ज मंजूर होत नाही ना. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत २०१८ मध्ये ग्रामीण भागात साडेछत्तीस टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये तो साडेसदुसष्ट टक्क्यांवर गेला. शिकवणीला जाणारी मुलं तिशीच्या आतून चाळिशीपर्यंत पोचली. बाजार वाढला तो या मधल्या पट्ट्यात. ज्याच्याकडे नुकताच फोन आलाय, नुकतंच पॅन कार्ड आलंय, आणि घरात विचारायला शिकलेलं कुणी नाही. वरच्यांना गरज नव्हती, खालच्यांना पत नव्हती. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळीची जिल्हा परिषद शाळा आहे, वर्षाचे ३६५ दिवस भरते, मुलं दोन्ही हातांनी लिहितात. लोक गाड्या करून बघायला जातात आणि परत येताना पाढ्यांचा व्हिडिओ पाठवतात. शिक्षक बारा-बारा तास तिथे असतो, हे त्या व्हिडिओत मावत नाही.

माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येतो. पालक सज्ञान आहेत, सही त्यांनी केली, मोबाइल आणि मोटारसायकलही ते हप्त्यानेच घेतात, मग इथेच गळा का काढायचा? बरोबर आहे. पण मोटारसायकल चालली नाही तर ती विकता येते. सावकारी आपल्याकडे नवी नाही, तिच्यासाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा राज्यात आहे, आणि त्याच्या मुळाशी एक साधी समज आहे, की अडलेल्या माणसाची सही ही मोकळ्या माणसाच्या सहीसारखी नसते. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी काढलेलं कर्ज आणि "तुमची मुलगी मागे पडतेय" असं तिच्यासमोर ऐकल्यावर काढलेलं कर्ज, दोन्ही अडलेल्याची कर्जं आहेत. फरक इतकाच की पेरणीला निदान तारीख असते.

काही लोक चीनचं उदाहरण देतात. तिथे जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या शिकवणीतून नफा कमावण्यावरच बंदी आली, मोठमोठ्या कंपन्या एका रात्रीत कोसळल्या. आपल्याला ते झेपणार नाही आणि करूही नये. जिथे परीक्षा एवढी मोठी आणि जागा एवढ्या थोड्या, तिथे बंदी आली की शिकवणी फक्त चोरून होते.

बंदी शिकवणीवर नको, जोडगोळीवर हवी. वर्ग विकणाऱ्याने कर्ज जुळवून द्यायचं नाही. फी घ्यायची तर महिन्याची महिन्याला, फार तर सहामाही. पुस्तक, टॅब, पेनड्राइव्ह यांची किंमत वेगळी दाखवून. आणि कर्ज असेलच तर शिकवणं थांबल्या दिवशी हप्ता थांबला पाहिजे, उरलेल्या मुद्दलाचं वित्त कंपनीने ॲपवाल्याशी बघून घ्यावं. हे शेवटचं कलम घातलं की बाकी फारशा नियमांची गरजच उरणार नाही, कारण मग कुठलीही वित्त कंपनी पैसे सोडण्याआधी स्वतः विचारेल की हे लोक शिकवतात का. आज तो प्रश्न सबंध साखळीत कुणीच विचारत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांची नियमावली आणली, तीत ग्राहकाला कर्ज सोडून द्यायला थोडी मुदत ठेवली. हेतू उत्तम. पण कर्ज सोडताना मुद्दल परत करायचं असतं, आणि इथे मुद्दल कर्जदाराने डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. ते थेट ॲपवाल्याकडे गेलेलं. म्हशीचं कर्ज नको झालं तर माणूस म्हैस परत करतो. उघडलेला टॅब कोण घेणार?

विक्रीवर बोट ठेवलं तर फरक पडतो, याला पुरावा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने बायजूजला समन्स काढलं. काही आठवड्यांत कंपनीने जाहीर केलं की आता घरी जाऊन विक्री नाही, आणि महिन्याला पंचवीस हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विकायचं नाही. वर्षानुवर्षं जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते एका समन्सने झालं. ती कंपनी आता आडवी पडली म्हणून प्रश्न संपला असं मात्र मानू नका. हाच साचा हल्ली पदवीधरांकडे वळलाय. 'डेटा सायन्स', 'प्लेसमेंट गॅरंटी', आणि खाली बारीक अक्षरात वित्त कंपनी. गेल्या वर्षभरात माझ्याकडे आलेल्या पिशव्यांतल्या तीन त्याच होत्या. आता ओटीपी बाप देत नाही, पोरगं स्वतःच देतं.

त्या ऑपरेटर गृहस्थांना मी जिल्हा ग्राहक आयोगात जायला सांगितलं होतं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, वकीलही लागतोच असं नाही, तक्रार मी मराठीत लिहून दिली. ते गेले नाहीत. एका दिवसाचा खाडा म्हणजे सातशे रुपये, आणि तारखा किती पडतील कोण जाणे. त्यांनी पत्नीच्या डब्यांच्या पैशातून हप्ते फेडले. दोन वर्षांनी घरकर्जाला गेले तेव्हा सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा, आकडा खाली होता. मुलगी दहावीला गणितात एक्क्याऐंशी घेऊन पास झाली. शिकवलं कुणी विचारलं तर म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी, आणि शेजारच्या दादाने." टॅबवर तिची आई रेसिपी बघते.

मागच्या महिन्यात माझ्या नातवाच्या शाळेतून फॉर्म आला. सहावीत आहे. कुठल्याशा कंपनीची 'टॅलेंट स्कॉलरशिप' परीक्षा, शाळेतच, शाळेच्या वेळेत, मोफत. यांच्या भाषेत अशा भरलेल्या फॉर्मला लीड म्हणतात, हे मला भाच्याने सांगितलेलं. परीक्षेला माझी हरकत नव्हती. मी नाव लिहिलं, इयत्ता लिहिली, जन्मतारीख लिहिली, आणि पालकाच्या मोबाइल नंबरचा रकाना रिकामा ठेवून सही केली. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत. रिकाम्या रकान्याभोवती लाल पेनाने गोल. मी तसाच परत पाठवला. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेचा फोन आला, बिचारी ओशाळून बोलत होती.

"आजी, नंबर टाका ना प्लीज. त्याशिवाय वर घेत नाहीत ते."